सतरा नंबरचा डबा

पोट म्हणजे वनखात्याचा नाका, असं डॉ. दिव्यानी नान्हेनं समाजमंदिराच्या ओट्यावर बसून सांगितलं, आणि येनबोडीच्या इतिहासात पहिल्यांदाच एखादा डॉक्टर काय बोलतो आहे ते सगळ्यांना कळलं.

"सागाचा ओंडका उघड्या गाडीत टाकून नेला तर नाक्यावर काय होते?" तिनं विचारलं.

"जप्ती!" सगळा ओटा एका तोंडानं म्हणाला. या विषयात गावाचा अभ्यास दांडगा होता.

"तसंच या औषधाचं आहे. तोंडानं दिलं की पोटातलं आंबट पाणी त्याला धरते अन् तुकडे करून टाकते. रक्तापर्यंत माल पोचतच नाई. म्हणून मी काय केलं, एकेक तुकडा धानाच्या तणसात गुंडाळला अन् नाक्यावरून पार केला. नाक्यावाल्याला वाटलं, तणीस चाललं आहे."

लटारूनं मान हलवली. लटारू म्हणजे सत्तरीचा गृहस्थ. तलावाच्या सोसायटीत त्याला कोणतंही पद नव्हतं, त्यामुळे सगळे त्याचंच ऐकत. "म्हंजे सहा वर्सं तू चोरट्या मालाचं शिक्सन घेतलं म्हन."

"हाव काका. पण लायसन घेऊन."

ओटा हसला. दिव्यानीची आई इंदुताई बायांमध्ये मागं बसली होती, ती जरा जास्तच हसली. लेकीचं बोलणं लोकांना कळतं आहे, याचं तिला अप्रूप होतं. तिला स्वतःला ते अजून कळायचं होतं.

येनबोडी सावलीपासून बारा किलोमीटरवर. पुढं धानाच्या बांध्या, मागं जंगल, मधे जुना मालगुजारी तलाव आणि काठावर ढिवरांची बावन्न घरं. घरं दोन गोष्टींवर जगतात. तलावातली मासोळी, आणि येनाच्या झाडांवर पाळलेला कोसा. कोशाची अळी पाला खाते, स्वतःभोवती रेशमाचं घर बांधते आणि त्यात निवांत झोपते. मग माणसं ते घर उकळतात, धागा काढून घेतात आणि आतली मेलेली अळी कोंबड्यांपुढं टाकतात. दिव्यानीनंही लहानपणी टोपलीटोपलीनं टाकली होती. पुढं नागपुरात औषधनिर्माणशास्त्र शिकताना तिला समजलं की आपण कोंबड्यांचे फार लाड केले. त्या अळीच्या प्रथिनाचा एक बारीकसा तुकडा, ज्याला पेप्टाइड म्हणतात, आखडलेल्या रक्तवाहिन्या सैल करत होता. उंदरांचा रक्तदाब त्यानं मुकाट खाली आला.

फक्त सुईनं दिलं तरच. तोंडानं दिलं की नाका.

मग तिनं 'तणीस' शोधलं. तेही घरचंच निघालं. झिंग्यांच्या टरफलापासून कायटोसान नावाचा पदार्थ होतो. त्याचे कण बनवायचे, आणि त्या कणांच्या पोटात पेप्टाइड बसवायचं. कण इतके बारीक, की केस उभा चिरून त्याचे चारपाचशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे. नॅनोकण. त्यांवर आंबटात न विरघळणारा एक लेप, आणि सगळं एका पिवळट कॅप्सूलमध्ये. सहा वर्षं गेली यात. तिच्या वर्गातल्या मुलींची दोन-दोन बाळंतपणं झाली. दिव्यानीची ही एकच कॅप्सूल.

तिचा बाप रामाजी बीपीच्या सरकारी गोळ्या खिशात ठेवून लकव्यानं गेला होता. गोळ्या जवळ असल्या की पुरे, असं त्याला वाटे. त्यामुळे घेणाऱ्याला गोळीत गोडी कशी वाटेल, हा दिव्यानीचा जन्माचा प्रश्न होता. आपल्या तलावातल्या झिंग्याची आणि आपल्या झाडावरच्या कोशाची गोळी येनबोडी टाकून देणार नाही, अशी तिची खात्री होती. ती खात्री खरी ठरली. येनबोडीनं एकही गोळी टाकून दिली नाही.

तर त्या दिवशी ओट्यावर चाचणीचं संमतिपत्र वाचायचं होतं. गावची आशा नीलाबाई उभी राहून वाचू लागली. "सहभागी व्यक्तीस यादृच्छिक पद्धतीने सक्रिय अथवा निष्क्रिय घटक प्राप्त होईल, ज्याबाबत अन्वेषक तसेच सहभागी उभयतां अनभिज्ञ राहतील." हे वाक्य नीलाबाईनं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तिनं डोळे मिटले होते, तरी फरक पडला नाही.

"म्हंजे?" लटारूनं विचारलं.

दिव्यानीनं सरळ सांगितलं. चाळीस लोक, चाळीस नंबरचे डबे. दर महिन्याला एका डब्यात साठ कॅप्सूल. वीस डब्यांत खरी, वीस डब्यांत रिकामी. दोन्ही दिसायला सारख्या. सरकारी गोळी सगळ्यांनी चालूच ठेवायची, ही वरून. सहा महिन्यांनी पाहायचं, कोणाचं बीपी किती उतरलं.

"अर्ध्याइले जेवन अन् अर्ध्याइले नुसतं ताट?" शेजारची धुरपता म्हणाली.

"त्याशिवाय समजत नाही ना काकू, जेवणानं पोट भरलं की ताट पाहूनच."

"अन् कोनाले कोनतं, हे कोनाले माहीत?"

"कोणालाच नाही. यादी नागपुरात पाकिटात बंद आहे. मलाही माहीत नाही."

लटारूनं तलावाकडं पाहिलं. मग म्हणाला, "तुले बी माहीत नाई न? मंग ठीक आहे. नशिबानं पाडलेल्या वाट्याले आमी हात नाई लावत."

चाळीस अंगठे आणि सह्या झाल्या. इंदुताईचा नंबर सतरा, शेजारच्या धुरपताचा अठरा.

*

पाच महिन्यांनी कंपनीच्या निकेश सरांचा फोन आला. निकेश हा कॅप्सूलवर पैसा लावणाऱ्या कंपनीचा माणूस. तो कधी चिडत नसे. वाईट बातमी द्यायची असली की अधिकच मऊ बोले.

"मॅडम, मधल्या आढाव्यासाठी यादीचं पाकीट उघडलं. आपली कॅप्सूल घेणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी पाचनं उतरला."

"अरे वा!"

"आणि रिकामी घेणाऱ्यांचाही पाचनंच."

दिव्यानीनं दोन्ही आकडे समोरच्या कागदावर लिहिले.

"म्हणजे रिकामी कॅप्सूल आपल्या कॅप्सूलइतकीच गुणकारी आहे. मी वरिष्ठांना म्हटलं, मग रिकामीच विकू, स्वस्त पडेल. ते हसले नाहीत. सोमवारी बैठक आहे. बंद करायचं ठरेल बहुतेक."

दिव्यानीनं रात्रीचा दिवस करून मिळवलेले उंदीर, ससे, आलेख, सगळं डोळ्यांपुढून गेलं. उंदरांत चाललं, सशांत चाललं, मग आपल्याच माणसांत का नाही? तिनं नोंदी पुन्हा काढल्या. एकच गोष्ट विचित्र होती. दर महिन्याला चाळीसच्या चाळीस डबे रिकामे परत आले होते. एकही कॅप्सूल शिल्लक नाही. कंपनीनं या शंभर टक्क्यांबद्दल नीलाबाईला स्टीलचा डबा भेट दिला होता. या देशात शंभर टक्के लोक कोणतीही गोळी घेत नाहीत, हे रामाजीच्या लेकीला तरी सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

रविवारी सकाळी ती न सांगता येनबोडीला आली. शेवटच्या महिन्याचे डबे दोन दिवसांपूर्वीच पोचले होते. समाजमंदिराच्या ओट्यावर गाव जमलेलं होतं. लांबून तिला वाटलं, मोहफुलं वाटून राह्यले. ओळीनं पळसाची पानं मांडलेली, पानापानावर पिवळट ढीग. पण मोहाचा मोसम केव्हाच संपला होता.

जवळ गेली. मधे भलंमोठं सूप, सुपात कॅप्सूल, आणि सुपापुढं मांडी घालून लटारू.

"काका, हे काय आहे?"

"वाटे," लटारू मान वर न करता म्हणाला. "त्रेचाळीस, चव्वेचाळीस... थांब व पोरी, मोजनं चुकते."

येनबोडीत वाटा ही काय चीज आहे, हे दिव्यानीला कोणी सांगायची गरज नव्हती. तलावात जाळं पडलं की मासोळी याच ओट्यावर येते. कोण पाण्यात उतरलं, कोण काठावर बिडी ओढत बसलं, कोण तापानं घरी पडलं, याची चौकशी होत नाही. बावन्न घरं, बावन्न वाटे. ती स्वतः त्याच वाट्यावर वाढली होती.

"या चाळीस माणसांच्या गोळ्या आहेत!"

"हाव. चाळीस मानसाइच्या नावानं आल्या. मासोळी बी जाळं टाकनाऱ्याच्याच नावानं येते."

"ज्याला बीपी नाही त्यालाही वाटा?"

"वाटा घरामागं असते, रोगामागं नसते."

"आणि ह्या आठ वेगळ्या?"

"चोवीसशे गोळ्या, बावन्न घरं. घरामागं सेहेचाळीस, उरल्या आठ. थ्या देवाच्या. तलावात सोडतो."

"देवाला बीपी आहे?"

"तुमच्यासारखी शिकलेली लेकरं पाहून झालं असन," लटारू म्हणाला, आणि पंचेचाळिसावी गोळी पानावर ठेवली.

कोणीतरी फिसकन हसलं. दिव्यानीनं हिशेब लावला. म्हणजे कोणी खरी घेतलीच नव्हती, कोणी रिकामीही घेतली नव्हती. सगळ्यांनी थोडं थोडं सगळं घेतलं होतं. ज्यांना रोग नव्हता त्यांनीही घेतलं होतं. तलावातल्या मरळींनीसुद्धा घेतलं होतं, आणि त्यांचा रक्तदाब कोणी मोजला नव्हता. जो काही पाचचा उतार होता तो नीलाबाई महिन्याला घरी येऊन सरकारी गोळीचं विचारायची, त्याचाही असेल. सहा वर्षांच्या कामाचा या सुपात काला झाला होता.

नागपुरात तिचं मराठी इस्त्रीचं असे. रागानं इस्त्री मोडली.

"तुमी सगळ्याइनं मिळून मले गाडलं! परक्यानं केलं असतं तं मले काई वाटलं नसतं. माह्या गावानं केलं. नीलाबाई, तू त सह्या केल्या न, दर महिन्याले! सगळ्याइनं आपापली गोळी घेतली म्हनून!"

नीलाबाई सुपाच्या आडोशाला होती, ती उठून उभी राहिली. "म्या 'डबे रिकामे मिळाले' यावर सही केली. डबे रिकामेच होते न व."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं तू नाई म्हटलं असतं."

"हाव, म्हटलंच असतं!"

"म्हनूनच नाई सांगतलं."

दिव्यानीनं सगळ्यांकडं पाहिलं. ही तीच माणसं, जी तिला पहिल्यांदा नागपूरच्या गाडीत बसवायला सगळी सावलीपर्यंत आली होती. पाच महिने ती फोनवर विचारत होती, "गोळी घेता ना?" आणि पाच महिने ही माणसं एकसुरात म्हणत होती, "हाव पोरी, टायमावर." खोटंही नव्हतं. टायमावरच घेत होती.

"कोनी सुरू केलं हे?"

ओट्यावरची सगळी माणसं एकाएकी तलावाकडं पाहू लागली. लटारूनंही सूप खाली ठेवलं. "घरी जाय," तो म्हणाला. "मायले भेट."

*

इंदुताई अंगणात कोशांची प्रतवारी करत बसली होती. चांगला कोसा टोपलीत, फुटका बाजूला. लेकीचा आवाज तिनं ओट्यापासून ऐकला होता. शेजारच्या गावानंही ऐकला असावा.

"म्या सुरू केलं," ती म्हणाली. "बस. पानी देऊ?"

"आई, तू?"

"मी नाई त कोन? पैल्या डब्याच्या दिवशी तू फोन केल्ता, ध्यानात आहे? म्हनली, आई, तुहा डबा तूच खाय. कोनाले एक गोळी देऊ नको. माही आन आहे."

दिव्यानी टोपलीशेजारी खाली बसली.

"आपल्या गावात 'कोनाले देऊ नको' असं कोन म्हनते? ज्याच्या गाठोड्यात काई रायते थोच. म्या समजली, माह्या डब्यात खरी आहे. मंग इचार केला, इले कसं माहीत? ओट्यावर त सगळ्याइपुढं सांगतलं, कोनालेच माहीत नाई. कोनालेच माहीत नसतं त लटारूभाऊनं सूप उचललंच नसतं. नशिबाचा वाटा होता थो. पन वाटे पाडनाराच आपल्या मायच्या पानावर वरून टाकून राह्यला, त मंग थो वाटा कायचा?" इंदुताईनं एक फुटका कोसा बाजूला फेकला. "म्या लटारूभाऊले सांगतलं, माह्यानं एकटीनं नाई खाल्ल्या जात. तो म्हने, आन मंग सगळे डबे."

"तू त्यांना सांगितलंस? माझं नाव घेऊन?"

"त्यालेच सांगतलं. त्यानं बाकीच्याइले फक्त डबे आनाले सांगतलं. तुह्या नावाचं कोनाले काई माहीत नाई." मग तिनं टोपली हातात घेतली. "आता सांग. तुले कसं माहीत होतं?"

दिव्यानीला खोटं बोलता आलं असतं. पण समोर आई होती, आणि आईच्या हातात कोशांची टोपली होती. वरून सारखे दिसणारे कोसे नुसते हलवून आत काय आहे ते सांगणारी बाई.

"सह्या झाल्यावर डबे भरले, त्या दुपारी गोदामात कोणी नव्हतं. पाकिटातून काढलेली यादी टेबलावर पडली होती. मी फक्त दोनच ओळी पाहिल्या, सतराची आणि तिच्या खालची. सतरा रिकामी होती, खालची खरी. बाबा गेले तसे तू... मी चिठ्ठ्या बदलल्या आई. सतराची अठरावर, अठराची सतरावर."

"अठरा."

"हो."

"म्हंजे माह्या नशिबाची रिकामी तू धुरपताले देली."

धुरपता म्हणजे अंगणातल्या काटक्यांच्या कुडापलीकडचं घर. दिव्यानीच्या परीक्षेच्या वर्षी इंदुताई तापानं पडली तेव्हा तीन आठवडे भात रांधून आणणारी. पोरीला कळवू नका, तिचा पेपर बिघडेल, असं गावाला बजावणारी. त्या कुडाला मधे माणूस जाईल एवढी फट होती. बायांचं येणंजाणं तिथूनच.

इंदुताई कोसे निवडत राहिली. चांगला कुठला, फुटका कुठला, हे मात्र आता चुकत होतं.

"लटारूभाऊच्या सुपानं तुहं पाप झाकलं," ती शेवटी म्हणाली. "अन् तू त्याच्यावरच बोंबलून आली."

*

सोमवारी बैठकीत दिव्यानीनं सगळं लिहूनच नेलं. दोन परिच्छेद. पहिल्यात सुपाची हकिकत, दुसऱ्यात सतरा आणि अठराची.

निकेश पहिला परिच्छेद वाचून खुर्चीतून उठला. त्याला इतका आनंद झालेला तिनं कधी पाहिला नव्हता. "मॅडम! म्हणजे औषध फेल नाही. गाव फेल आहे! चाचणी बाद, पुन्हा घेऊ. एखाद्या शहरात घेऊ, मोठ्या सोसायटीत. तिथं शेजारी शेजाऱ्याला साखरसुद्धा देत नाही."

मग त्यानं दुसरा परिच्छेद वाचला, आणि बसला.

"हा कशाला?"

"खरं आहे म्हणून."

"दोन डब्यांचा प्रश्न आहे. तेही नंतर मिसळलेच. निकालावर परिणाम शून्य."

"तो परिच्छेद राहिला पाहिजे, निकेश सर. लोकांनी सूप उचललं ते माझ्यामुळे."

"राहील, राहील," निकेश इतक्या मऊ आवाजात म्हणाला, की त्या आवाजाचा अर्थ तिला तेव्हाच कळायला हवा होता. "आमची भाषेची मंडळी जरा नीट मांडून घेतील. तुम्ही शेवटच्या पानावर सही करून ठेवा."

तिनं केली. येनबोडीच्या चाळीस लोकांनी तिच्यापुढं केली होती, तशीच. वाचायचं काम आपल्या माणसावर सोपवून.

तीन आठवड्यांनी अहवाल आला तेव्हा ती येनबोडीतच होती. नीलाबाई कागद घेऊन अंगणात उभी होती. तिला त्याची एक प्रत तालुक्याच्या दवाखान्यातून, खुलासा मागणाऱ्या पत्रासोबत मिळाली होती. दिव्यानीनं मोठ्यानं वाचलं. "क्षेत्रीय कर्मचारी नीलाबाई यांच्या हेतुपुरस्सर हलगर्जीपणामुळे औषधाचे अनधिकृत वितरण झाले. स्थानिक लोकसंख्या वैज्ञानिक शिस्तीस अपात्र असून भविष्यातील चाचण्यांसाठी हा संपूर्ण भाग वगळण्याची शिफारस करण्यात येते." खाली तिची सही. स्वच्छ, लफ्फेदार.

"आशाचं काम जाते का माह्यं?" नीलाबाईनं विचारलं. तिचा आवाज चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

इंदुताईनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं तो खालून वर, वरून खाली पाहिला. "यात तुही ओळ कुठी आहे?"

"काढली त्यांनी."

"सही त आहे म्हनते."

"सही आहे."

"म्हंजे त्याइनं तुले फसवलं," इंदुताई म्हणाली, "अन् तू नीलाले. मदातल्या मदात."

निकेशला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, भावनेच्या भरात काही करू नका. पुढच्या महिन्यात नवी चाचणी सुरू होते. तुमचं नाव पहिलं आहे. कॅप्सूल जगते आहे, हे पाहा." हे खरं होतं. गप्प बसलं की कॅप्सूल जगत होती. नीलाबाईचं काम, येनबोडीचं नाव आणि आसपासच्या सगळ्या गावांची पत, एवढीच काय ती किंमत. आणि बोललं की नीतिसमिती चौकशी लावणार, चिठ्ठ्या बदलणारीच्या हातचं सहा वर्षांचं सगळं कामच संशयात जाणार, उंदरांसकट.

दिव्यानी दुपारभर कोरा कागद घेऊन बसली. मग पत्र लिहिलं, नीतिसमितीच्या अध्यक्षांना. या वेळी दुसरा परिच्छेद पहिला घेतला. लिहून झाल्यावर तिनं ते नीलाबाईपुढं ठेवलं. नीलाबाईनं चष्मा लावून ओळनओळ वाचलं.

"इथी दुरुस्ती कर," ती म्हणाली. "'नीलाबाईने कॅप्सूल मिसळल्या.' म्या नाई मिसळल्या. म्या फक्त सूप देलं. मिसळ्याले लटारूभाऊ होता."

दिव्यानीनं दुरुस्ती केली.

"अन् हे, 'त्या निर्दोष आहेत.' हे काहाड. निर्दोष कोनी नाई इथी. नियमाची माहिती मले होती, असं लिव. पन हलगर्जी म्हनू नको. म्या मोजून वाटू देल्ल्या."

तेही केलं.

पत्र टाकण्याआधी एक काम राहिलं होतं. दिव्यानी कुडाच्या फटीतून पलीकडं गेली आणि धुरपतापुढं उभी राहून अठरा नंबरची गोष्ट सांगितली. धुरपता भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. भाकरी तव्यावर करपली तरी तिनं उलटवली नाही.

"तुह्या मायले माहीत होतं?" तिनं एवढंच विचारलं.

"अठराचं आधी नाही, काकू. तीन आठवड्यांपूर्वी मी सांगितलं तेव्हा कळलं."

"बरं," धुरपता म्हणाली. "जाय आता. येतानी आलीस तशी नको जाऊ. रस्त्यानं जाय."

संध्याकाळी दिव्यानी सावलीहून पत्र रजिस्टर करून परतली तेव्हा कुडाची फट बोरीच्या काट्यांनी बंद झालेली होती. पलीकडून धुरपताचा आवाज येत होता, पण तो कोंबड्यांशी.

पुढं जे व्हायचं ते झालं, आणि कागदोपत्री कामं इतक्या वेगानं होऊ शकतात हे पाहून दिव्यानी थक्क झाली. चाचणी रद्द. नीलाबाईचा खुलासा मान्य, ताकीद देऊन काम कायम. अहवालातला 'वैज्ञानिक शिस्तीस अपात्र' हा गावावरचा शेरा बदलला. आता वैज्ञानिकच अपात्र ठरली. कंपनीनं कॅप्सूलवरून हात काढून घेतला, आणि निकेशनं अखेरचा फोन करून अत्यंत मऊ आवाजात सांगितलं की त्यानं असा विश्वासघात आयुष्यात पाहिला नाही. उरलेले नॅनोकण नागपूरच्या शीतकपाटात एका बाटलीत आहेत. बाटलीवरची तारीख उलटली की तेही टाकून देतील.

ती घरी आली तेव्हा इंदुताई ओसरीवर सरकारी गोळी हातात घेऊन बसली होती. तिनं ती तोंडात टाकली, वर पाणी प्यायली आणि पदरानं तोंड पुसलं.

"का म्हने तो कंपनीवाला?"

"संपलं म्हणे."

इंदुताईनं कुडाकडं पाहिलं. पलीकडं धुरपताच्या चुलीचा धूर निघाला होता.

"एक गोष्ट खरी सांग," ती म्हणाली. "माय म्हनून नको सांगू, डाक्टरीन म्हनून सांग. चालत होती का व ती गोळी?"

"माहीत नाही, आई," दिव्यानी म्हणाली. "तेच तर पाहायचं होतं."